पत्रकारांनी वाचकांशी इतकं गोडगोड बोलायची खरंच गरज आहे का?

सातारी कंदी:
परवा एका मराठी पेपरच्या संपादकांचं लाइव्ह प्रश्नोत्तर होतं. मी विचारलं, पान ३ वर बिल्डरच्या टाउनशिपवर अर्धं पान आलंय ती बातमी आहे की जाहिरात, कारण बातमीदाराचं नाव नाही आणि 'जाहिरात' असंही कुठे छापलेलं नाही. उत्तर काय, "खूप छान प्रश्न सर, तुमच्यासारखे सजग वाचक हीच आमची ताकद, आपली सूचना टीमपर्यंत नक्की पोचवतो." अहो सूचना कुठे केली मी?? पुढच्या ताईंनी शुद्धलेखनाची चूक दाखवली, त्यांनाही छान प्रश्न.

मुक्ता:
खालच्या कमेंटी वाचल्यास का? विकाऊ, दलाल, पाकीटवाले, आणि समोर बाई असेल तर विचारूच नको. माझी मैत्रीण रिपोर्टर आहे, तिने एकदाच तिरकं उत्तर दिलं तर लोकांनी आठवडाभर स्क्रीनशॉट फिरवला, तेव्हापासून सगळ्यांना सरसकट धन्यवाद.

सातारी कंदी:
शिव्या देणाऱ्याला ब्लॉक करा की, मी कुठे शिवी दिली.

कोकणी माणूस:
१८९७ साली केसरी विचारत होता 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' आणि आता हे.

डेस्कवाला (रिटायर्ड):
ते सरकारला होतं हो, गिऱ्हाइकाला नाही, उदाहरण चुकलं. मी २० वर्षं डेस्कवर काढलीत. ती जागा जाहिरात विभागाने भरली हे संपादकाला माहीत असतं. हो म्हणाला तर मालक विचारणार, नाही म्हणाला तर खोटं, मग राहिलं काय, छान प्रश्न. त्या माणसाची कीव करा जरा.

कोकणी माणूस:
म्हणजे अळीमिळी गुपचिळी. २००९ च्या विधानसभेला वेगवेगळ्या पेपरांत एकच प्रचाराचा मजकूर बातमी म्हणून शब्दशः छापून आलेला, पत्रकार पी. साईनाथांनी 'द हिंदू'त लिहिलं म्हणून कळलं तरी. कीव वाचकाची करा.

मुक्ता:
मग रीडर्स एडिटर, म्हणजे वाचकांच्या तक्रारी तपासणारा माणूस, नेमायला सांगा ना, 'द हिंदू'ने २००६ मध्येच नेमला. एकट्या संपादकाला काय धरून बसलात.

डेस्कवाला (रिटायर्ड):
न्यूयॉर्क टाइम्सनेसुद्धा ब्लेअर प्रकरणात (त्यांच्याच बातमीदाराने बनावट बातम्या दिल्या होत्या) हात पोळल्यावर २००३ ला असाच पब्लिक एडिटर नेमला, पगार पेपरचा आणि टीकाही पेपरवरच. २०१७ मध्ये पदच बंद! त्यांनीही टिकवलं नाही, आपल्याकडे जिल्हा आवृत्तीला कुठून परवडायचं.

सातारी कंदी:
एडिटर राहू दे, वर बारीक अक्षरात 'जाहिरात' छापायला किती खर्च येतो?

मुक्ता:
छान प्रश्न सर 😀