क्लीनर साईडची काच खाली जाते पण वर येत नाही, मोटर बदलू का?

जांबोटी_रोड
नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, केए-२२ पासिंग, खानापूर ते उद्यमबाग रोजचं जाणं-येणं. परवा मच्छेच्या पुढं बायकोनं क्लीनर साईडची (म्हणजे पुढची डावी) काच जरा खाली घेतली ती काय परत वर यायलाच तयार नाही. तिच्या दाराचं बटण दाबा नाहीतर माझ्या दारावरचं दाबा, वर म्हटलं की गप्प. खाली मात्र दोन्ही बटणांवरून जाते, चेक करता करता अजून चार बोटं खाली गेली. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच हाय, सध्या खताच्या पिशवीचं प्लास्टिक चिकटपट्टीनं लावून फिरतोय, ऑफिसात सगळे हसतात.
बेळगावात एका मेस्त्रीला दाखवलं, त्यानं दाराला हातसुद्धा न लावता मोटर गेली म्हणून सांगितलं, मशीनसकट (काच वर-खाली नेणारा सांगाडा) बदला, साडेपाच हजार होतील. फ्यूज मी बघितला, बरा हाय. बाकीच्या तीन काचा एकदम व्यवस्थित. अजून एक, ह्याचा त्याचा संबंध हाय का नाही देव जाणे, पण मागचं डावं दार नीट लावलं तरी कधी कधी आतला दिवा जळतच राहतोय आणि मीटरवर दार उघडं दाखवतंय. मोटर बदलू का थांबू?

निपाणीकर_४८
थांबा ओ, कशाला साडेपाच हजार घालवताय. मोटर एकच असते, तीच खाली नेते तीच वर आणते, दोन वायरी असतात आणि प्लस-मायनस उलटं झालं की उलटी फिरते, संपला विषय. खाली जाते म्हणजे मोटर जिवंत हाय. वहिनींच्या साईडचं बटण गेलंय, खोला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, चालू होईल.

चिकोडी_एक्सप्रेस
माझं मत वेगळं. दार आणि बॉडीच्या मध्ये ती काळी रबराची नळी असते बघा, घडीघडीची, तिच्यातनं सगळी वायरिंग दारात जाते. दार उघड-बंद करून करून आत तांबं तुटतंय आणि वरचं प्लास्टिक मात्र शाबूत राहतंय, त्यामुळं नुसतं बघून कळत नाही. बटण दाबून धरा आणि दुसऱ्यानं दार हळूहळू पुढं-मागं हलवू दे, मध्येच काच हलली की समजा तिथंच तुटलंय. आमच्या गाडीचं अगदी असंच झालेलं.

शहापूर_वायरमन
निपाणीकर, बटण वहिनींच्या साईडचं गेलं असतं तर ड्रायव्हरच्या बटणावर काच वर आली असती की. दोन्हीकडून येत नाही म्हटल्यावर जो भाग दोन्ही बटणांना कॉमन हाय तिथं बघायला पाहिजे. आणि खाली जाते म्हणून मोटर शंभर टक्के बरी असं पण म्हणू नका. खाली जाताना काचेचं स्वतःचं वजन मदत करतंय, वर येताना सगळा जोर मोटरला लावावा लागतोय. मोटर दमलेली असली किंवा बीडिंगमध्ये (काच सरकते त्या रबरी पट्टीत) धूळ-चिखल घट्ट बसला असला तर काच खाली जाते, वर येत नाही, असं पण बघितलंय.
तर जांबोटीवाले, आधी एक काम करा, पैसा लागत नाही. रात्री इंजिन बंद, चावी ऑन, आतला दिवा लावा. आता वरचं बटण दाबा आणि दिव्याकडं बघा. दिवा जरासा मंद झाला, दारातनं गुं असा आवाज आला, म्हणजे करंट मोटरपर्यंत पोचतोय पण काच अडकलीय, मग मशीन, बीडिंग, मोटर बघायची. दिवा हललाच नाही आणि दार पण मुकं, म्हणजे सर्किटच पूर्ण होत नाही, मग मोटरला हात लावायचा नाही. दाबून फार वेळ धरू नका, मोटरमध्ये गरम झाली की तोडणारं कटआउट असतंय, ते पडलं की अजून गोंधळ.
आणि हातानं काच वर ओढू नका. आत वर्म गिअर असतो, तो उलटा फिरत नाही, ओढाओढीत मशीनची केबल नाहीतर प्लास्टिकचा क्लिप जाईल.

जांबोटी_रोड
केलं. खाली दाबलं की दिवा मंद होतो, वर दाबलं की दिव्याला काहीच फरक नाही आणि दारात आवाज पण नाही, फक्त बटणाची टिक. चिकोडी साहेब, दार हलवून पण बघितलं, काही नाही.

शहापूर_वायरमन
मग माझ्या मते रोग तुमच्याच दारात हाय, ड्रायव्हरच्या मास्टर स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या काचांची बटणं असतात त्या पॅनलमध्ये. का ते सांगतो, जरा लांबतंय पण वाचा.
ह्या वयाच्या बऱ्याच गाड्यांत कुठलंच बटण दाबलेलं नसताना मोटरच्या दोन्ही वायरी अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला, जोडलेल्या असतात. आणि पॅसेंजर साईडची मोटर हा अर्थ तिथल्या तिथं घेत नाही, तिच्या दोन वायरी पॅसेंजरच्या बटणातनं पार मास्टर स्विचपर्यंत येतात आणि मास्टरच्या आत अर्थला मिळतात. वर दाबलं की ‘वर’च्या वायरीला बारा व्होल्ट मिळतो आणि करंट ‘खाली’च्या वायरीनं परत येऊन मास्टरमध्ये अर्थ होतो. बटण कुणाचं पण दाबा, परत यायची वाट मास्टरमधनंच. आता ‘खाली’च्या वायरीचा तो अर्थचा कॉन्टॅक्ट मास्टरमध्ये जळला असंल तर काय होईल? वर कुठूनच येणार नाही. खाली मात्र दोन्हीकडून जाईल, कारण खाली जाताना परतीची वाट दुसऱ्या वायरीची, ती बरी हाय. तुमची तक्रार अक्षरशः हीच.
चिकोडीवाल्यांची वायर तुटल्याची शंका पण ह्याच हिशेबानं मागं पडते. ‘खाली’ची वायर मध्ये तुटली असती तर तुमच्या बटणावरून काच खाली पण गेली नसती.
खात्री करायची असंल तर तुमच्या दाराचं स्विच पॅनल उचला, त्याचा कपलर (वायरींचा प्लग) लावलेलाच ठेवा. पॅसेंजर विंडोच्या दोन वायरी शोधा, नसतील सापडत तर तुमच्या गाडीचा वायरिंग डायग्राम घ्या, अंदाजानं टोचू नका. मल्टिमीटरवर विसंबू नका, जळक्या कॉन्टॅक्टला एक केसाएवढी वाट असली तरी मीटर सगळं बरं हाय म्हणून सांगतो आणि मोटरचा लोड आला की तिथंच बसतंय. त्यापेक्षा ब्रेक लाईटचा २१ वॅटचा बल्ब घ्या, पावणेदोन अँपिअर ओढतोय, खरं खोटं लगेच कळतंय. वहिनींच्या दाराच्या बटणाचा कपलर तेवढा काढून ठेवा, नाहीतर करंट मोटरमधनं फिरून जातोय आणि बल्ब दोन्ही वायरींवर लागतोय. मग बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी आळीपाळीनं त्या दोन वायरींना, बटण कुठलं दाबायचं नाही. एकीवर झगझगीत आणि दुसरीवर मिणमिणता किंवा बंद, म्हणजे चोर सापडला.
मग तो कपलर परत लावा, ती मेलेली वायर एका जंपरनं (वायरीच्या तात्पुरत्या तुकड्यानं) बॉडीला अर्थ करा आणि वहिनींच्या दाराचं वरचं बटण दाबा, काच वर आली पाहिजे. जंपर लावलेला असताना तुमच्या दारावरचं त्या काचेचं खालीचं बटण चुकून पण दाबू नका, डायरेक्ट शॉर्ट होतंय, फ्यूज उडेल.
हे सगळं जाड वायरीवाल्या जुन्या पद्धतीच्या स्विचला. नवीन गाड्यांत बटण नुसता सिग्नल देतंय आणि मोटर दुसरा मॉड्यूल चालवतोय, तिथं बल्ब लावून मॉड्यूल मारून घेऊ नका.

निपाणीकर_४८
वा ओ वायरमन. काच डावीकडची आणि रोग उजवीकडं, ह्यात कुठला मेस्त्री लक्ष घालणार, मोटर बदलून बसवणार आणि परत काच तिथंच. वर म्हणणार आता वायरिंगचा प्रॉब्लेम हाय, त्याचं वेगळं बिल.

जांबोटी_रोड
काच वर आली!! बल्ब एका वायरीवर एकदम फक्क आणि दुसरीवर नुसता तार लाल झाल्यासारखा. जंपर लावून हिच्या साईडनं बटण दाबलं की सर्रकन वर. प्लास्टिक काढून टाकलं बाबा.
रविवारी मास्टर खोलला, उघडताना आतल्या दोन बारक्या स्प्रिंगा उडाल्या, एक सीटखाली सापडली. बाकीच्या काचांचे कॉन्टॅक्ट चकचकीत आणि ह्या एकाची पत्ती पार काळी, मध्ये खड्डा पडल्यासारखा, बाजूचं प्लास्टिक पण जरा वितळलंय. झीरो नंबरच्या पॉलिश पेपरनं घासलं, स्प्रे मारला, जोडलं, आता दोन्ही बटणांवरून चालतंय. असंच ठेवू का नवीन घेऊ? आणि ते मागच्या दाराच्या दिव्याचं राहिलं की.

शहापूर_वायरमन
खड्डा पडलाय आणि प्लास्टिक वितळलंय म्हणजे नवीन घ्या. घासल्यावर वरचा मुलामा गेला, परत कार्बन धरणार आणि त्या जागी गरम पण होणार. घेताना जुना बरोबर न्या, कपलरच्या पिना मोजून घ्या, दिसायला सारखा असतोय पण ऑटो-डाऊनवाला (एकदा दाबलं की काच आपोआप पूर्ण खाली नेणारा) वेगळा येतोय. आणि ती काच चढताना मध्ये कुठं दमते का बघा. काच जड झाली की करंट जास्त ओढते आणि पहिला मार बटणाच्या कॉन्टॅक्टला बसतो. बीडिंग ओल्या फडक्यानं पुसून सिलिकॉन स्प्रे मारा, इंजिन ऑईल नको, रबर फुगतंय आणि धूळ धरतंय.
मागच्या दाराचं वेगळं प्रकरण. दाराच्या चौकटीच्या खांबावर रबराच्या टोपीचं पुश बटण असंल तर बोटानं दाबून बघा, दिवा गेला तर बटण बरं, दार तिथवर पोचत नाही एवढंच. नाही गेला तर कपलर काढा. काढल्यावर जातोय म्हणजे बटण आतनं चिकटलंय, तरी पण जळतोय म्हणजे वायर कुठंतरी बॉडीला घासलीय. खांबावर काहीच नसंल तर स्विच दाराच्या लॅचमध्ये (कुलुपात) असतोय. खानापूरकडचा तांबडा चिखल आणि जुनं ग्रीस मिळून लॅचमध्ये पेस्ट होते. दार उघडं ठेवून स्क्रू ड्रायव्हरनं लॅचचा पंजा बंद करा, दिवा जातोय का बघा, क्लीनर मारून पाच-दहा वेळा चालवा. मग हँडल ओढून पंजा मोकळा करा, त्याच्यानंतरच दार लावा. पंजा बंद असताना दार आपटलं तर लॅच तरी जातो नाहीतर पत्रा तरी.

जांबोटी_रोड
लॅचमध्येच हाय आमचा, खांबावर काही नाही. क्लीनर आणतो. मास्टर स्विचची बेळगावात चौकशी केली, मागवावा लागतोय म्हणाले, तोवर घासलेल्यावरच चालवतो.

शहापूर_वायरमन
चालवा, पण तोवर काच अर्ध्यावर ठेवून बटणाशी खेळत बसू नका, पावसात तर ती वरच राहू दे. नवीन बसवताना बॅटरी काढलीत तर ऑटोवाल्या काचेचं सेटिंग जाऊ शकतंय, बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरलं की परत येतंय.