वॉट मोजावेत की नाडी? सायकलच्या सरावातील श्रमांचे खरे माप कोणते?

धागाकर्ता (पुणे)

सायकलच्या सरावाबद्दल बोलताना आपल्यापैकी बहुतेकांची मजल आजचे किलोमीटर आणि सरासरी वेग यांच्यापुढे जात नाही, आणि माझ्या मते अनेकांची प्रगती त्यामुळेच खुंटते. वेग हा वाऱ्यावर, चढावर आणि आपण कोणाच्या मागे चालवत आहोत यावर ठरतो. पायांनी किती काम केले, हे त्यावरून कळत नाही. ते कळते पॉवर मीटरवरून, कारण पेडलवर पडणारा जोर आणि पेडल फिरण्याचा वेग यांच्या गुणाकारातून निघणारे वॉट समोरून वारा आला म्हणून घटत नाहीत. उलरिश शोबेरर या जर्मन अभियंत्याने १९८० च्या दशकात क्रँकमध्येच, म्हणजे पेडल जोडलेल्या दांड्याच्या भागातच, ताणमापक बसवले आणि पूर्वी प्रयोगशाळेत होणारे हे मोजमाप रस्त्यावर आणले. वीस मिनिटे सर्व ताकद लावून सायकल चालवावी आणि त्या सरासरी वॉटचे ९५ टक्के काढावेत, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशा शक्तीचा, अर्थात एफटीपीचा, अंदाज मिळतो. सिंहगडाच्या घाटात पूर्वी माझा दम सुरुवातीलाच संपत असे. आता मी चढताना हा आकडा ओलांडत नाही आणि वर पोहोचल्यावरही पायांत जोर शिल्लक असतो. या मापाला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे. विरुद्ध मत कारणांसह मांडावे.

प्रतिसाद (अकोला)

मी असहमत आहे. सायकलला काय मिळाले ते वॉट सांगतात, पण त्यासाठी शरीराने काय खर्च केले ते सांगत नाहीत, आणि सराव तर शरीराचा असतो. डिसेंबरच्या पहाटे १५० वॉटला माझी नाडी १३५ च्या आसपास राहते; एप्रिलमध्ये नऊ वाजल्यानंतर तेवढ्याच वॉटला ती तासाभरात १५० ओलांडते, कारण घामामुळे रक्तातील पाणी घटते, उरलेल्या रक्तापैकी बरेचसे अंग थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे वळते आणि प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे जात असल्याने हृदयाला ठोके वाढवावे लागतात. वॉटवरून सरावाचा भार काढण्याच्या रूढ पद्धतीत एफटीपीवर एक तास म्हणजे १०० गुण, आणि ७० टक्क्यांवर दोन तास म्हणजे ९८ गुण; मग ते दोन तास थंडीतले असोत की विदर्भाच्या उन्हातले. ज्या मापाला हे दोन दिवस सारखेच दिसतात, त्याला श्रमांचे माप कसे म्हणावे?

धागाकर्ता

गुणांबद्दलचा आपला आक्षेप रास्त आहे. तरीही नाडी उशिरा बोलते, हे विसरता येत नाही: ३० सेकंदांचा जोरदार आवेग संपत आला तरी ठोके अजून चढतच असतात, त्यामुळे छोट्या आवेगांचा सराव नाडीवर बेतता येत नाही. त्यातच बहुतेक जण कमाल ठोके '२२० वजा वय' या सूत्राने काढतात, आणि एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत त्या सूत्रापासून दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज आढळतो.

प्रतिसाद (नाशिक)

मी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करते आणि मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. ६०० किलोमीटरसाठी ४० तास मिळतात. दुसऱ्या रात्री झोप नसताना नाडी मंदावलेली असू शकते आणि वॉटही सरळ घसरतात, तेव्हा पुढच्या चढावर किती जोर लावायचा हे श्वासावरूनच ठरवावे लागते. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने जाणवणाऱ्या श्रमांसाठी ६ ते २० अशी श्रेणी तयार केली, ती निरोगी तरुणाच्या आकड्याची दहापट ढोबळमानाने त्याच्या नाडीएवढी यावी म्हणून. म्हणजे जाणीव हेही गांभीर्याने घेण्यासारखे माप आहे. मात्र ते अंगवळणी पडायला मला दोन हंगाम लागले, आणि नवशिक्याला पहिल्या दहा मिनिटांत सगळेच सोपे वाटते.

प्रतिसाद (अकोला)

नवशिक्याबद्दलचे निरीक्षण अचूक आहे, आणि तेवढ्यासाठी मी वॉटचा उपयोग मान्य करतो. पण उन्हाळ्यात वॉट आणि नाडी यांच्यात फारकत दिसू लागली, तर धागाकर्ते ठरलेला आकडा धरून राहतील की वेग कमी करतील?

धागाकर्ता

आजवर मी आकडा धरून राहिलो, आणि मे महिन्यात दोनदा मला अर्ध्या घाटातून परतावे लागले. यंदा नाडी मोजणारा छातीचा पट्टा लावून तोच चढ थंडीत आणि उन्हाळ्यात सारख्या वॉटवर चढेन आणि दोन्ही दिवसांच्या नोंदी इथे ठेवेन.