शेजारी घरातच रिक्षांना गॅस भरतात, तक्रार करू का नको? (सोलापूर)

तेरा_नंबर
नमस्कार मंडळी, जरा मोठं होणाराय, सांभाळून घ्या. आम्ही पूर्व भागात राहतो, अशोक चौकाच्या पुढं, गल्लीचं नाव सांगत नाही. घर स्वतःचं आहे, वडिलांनी यंत्रमागावर तीस वर्षं काढून बांधलेलं, त्यामुळं घर सोडा म्हणून कुणी सांगू नका प्लीज.

शेजारच्या काकांचं पत्र्याचं शेड आहे, आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच. आधी तिथं एक माग होता, तो भंगारात गेला. आता वर्षभर झालं तिथं घरगुती टाक्यातनं रिक्षात गॅस भरायचं चालू आहे. मोटर, पाईप, वजनकाटा सगळं आहे. रात्री दहानंतर रिक्षा लागतात, शटर अर्धं खाली, दहा मिनिटात रिक्षा बाहेर. वास तर रोजचाच. आई म्हणते सवय झाली. मला नाही झाली, मला झोपच येत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं 43-44 डिग्री, वर पत्रा, आत सात-आठ टाक्या. 2025 च्या मे मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून 8 जण गेले, तेव्हापासून तर जास्तच धास्ती बसलीये.

अडचण अशी की माणूस वाईट नाही हो. बाबांना रात्री दोनला छातीत दुखायला लागलं तेव्हा ह्याच काकांनी रिक्षा काढली, पैसे घेतले नाहीत, सकाळपर्यंत बसून होते. आता त्यांच्यावर तक्रार कुठल्या तोंडानं करू? आणि खाकीतला एक जण अधूनमधून तिथं चहाला बसलेला दिसतो, म्हणजे सांगितलं तर आधी त्यांनाच कळणार.

निवांत_माणूस
उगं कशाला ताप करून घेतो बे. पाणी चार दिवसाआड येतंय तर अख्खी गल्ली नळाला मोटर लावून पाणी ओढते, ते काय कायदेशीर आहे का? ज्याचं त्याचं पोट आहे. एकदा बोलून बघ, टाक्या रात्रीच्या दुसरीकडं ठेवा म्हणावं, झालं.

गॅसवाला_जुना
निवांतराव, पाण्याच्या मोटरची गोष्ट तुम्हीच काढली ते बरं झालं, कारण खरी भीती तीच आहे. मी 11 वर्षं गॅस एजन्सीच्या गोडाऊनला होतो म्हणून सांगतो. हा गॅस हवेपेक्षा जड, वर उडून जात नाही, खाली बसतो, गटारीतनं सरकत शेजारच्या मोरीत जातो. गॅसला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. हवेत साधारण 2 टक्के झाला की पेटायला एक ठिणगी बास. आणि नळ येतो पहाटे, गल्लीत वीस मोटरी एकदम चालू, त्यातली निम्म्यांची वायर सेलोटेप लावलेली. म्हणजे स्फोट शेडमधेच होईल असं काही नाही, तुमच्या मोरीत पण होऊ शकतो.

वास जास्त आला तर बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. दारं-खिडक्या उघडून बाहेर पडायचं आणि लांब जाऊन मग फोन. 1906 हा गॅस गळतीचा नंबर, चोवीस तास चालू असतो, फायर ब्रिगेड 101.

एक विचारतो, राग मानू नका. त्यांच्याकडं एवढ्या टाक्या येतात कुठनं? 14.2 किलोची घरगुती टाकी कार्डाशिवाय मिळत नाही आणि आता डिलिव्हरीला ओटीपी लागतो. म्हणजे गल्लीतलेच कोणीतरी देत असणार.

तेरा_नंबर
हे वाचून आईला विचारलं. आधी बोलली नाही, मग म्हणाली आपलं पण कार्ड देते. आम्हाला दोन महिन्याला एक टाकी पुरते, मधली टाकी काकांना जाते, आई ओटीपी सांगते, काकू दोनशे रुपये देतात. पाच-सहा घरं तरी असं करतात म्हणे. मला माहीतच नव्हतं. म्हणजे मी वर जे एवढं लिहिलं ते आमच्याच टाकीबद्दल.

शेंगाचटणी
आई गं. पण दादा आईला ओरडू नका, माझी सासू पण विडी वळायची, दोनशे रुपये म्हणजे काय ते बायकांना विचारा. फक्त उद्यापासून ओटीपी बंद. कारण सांगायचं तर सांगा की पोराच्या मोबाईलवर नंबर केलाय, तोच देत नाही. भांडण नको. टाक्याच कमी आल्या की धंदा आपोआप अर्धा होतो. बाकीच्या घरच्यांना आईच सांगू शकते, पुरुषांनी सांगितलं की राजकारण होतं, पापड करायला बसल्यावर विषय निघाला तर चालतो.

हुतात्मा_एक्सप्रेस
मी वकिली करतो, इथं फुकट सल्ला देतो, बायको रागावते. ओटीपी बंद करा हे आधी, आणि तक्रार त्यानंतर. उलटं केलंत तर जप्त टाक्यांचा माग काढत तुमच्याच कार्डापर्यंत येतील. गुन्हा लागतो तो जीवनावश्यक वस्तू कायदा 1955 खाली, वर भारतीय न्याय संहितेचं कलम 287, ज्वालाग्राही पदार्थ हलगर्जीपणे हाताळला म्हणून.

चहावाल्या खाकीची भीती असेल तर त्या चौकीत जाऊच नका. कलेक्टर ऑफिसला पुरवठा विभाग असतो, अर्ज तिथं द्या, एक प्रत पोलीस आयुक्तालयात आणि एक गॅस कंपनीला. निनावी पत्र पण चालतं पण त्यात वेळ लिहा, किती टाक्या, रिक्षा कधी लागतात ते लिहा, नुसतं "बेकायदेशीर धंदा चालू आहे" लिहिलं की ते फाईलला जातं. उद्या कोणी माहिती अधिकारात विचारलं की तक्रार कोणी केली, तर कलम 8 मध्ये गोपनीय खबर देणाऱ्याची ओळख न देण्याची सोय आहे. कागदावर आहे, गल्लीत काय कळतं ते वेगळं, ते मी सांगत नाही. आणि शटरखालनं व्हिडिओ काढायला जाऊ नका. मोबाईल पण ठिणगी आणि काका पण ठिणगी.

निवांत_माणूस
मोटरचं खरंच डोक्यात नव्हतं. आमच्या पण गल्लीत एक आहे. बघतो.

तेरा_नंबर
अपडेट. आईनं काल ओटीपी दिला नाही. काकू संध्याकाळी येऊन बसल्या, चहा घेतला, काही बोलल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, तुमचा मुलगा रात्री खिडकीत उभा असतो ना. तेवढंच. अर्ज लिहून तयार आहे, तीन प्रती काढल्या, बॅगेत आहे. काकांचा नंबर मात्र अजून फोनमध्ये "इमर्जन्सी" नावानंच सेव्ह आहे, बाबांसाठी, तो बदलला नाही.