हिवाळ्यात इलेक्ट्रिक मोटरसायकल उभी ठेवताना चार्ज किती ठेवायचा? आणि मध्येच चालवायची झाली तर?

चेनस्प्रॉकेट (प्रश्न)
गाडी ७२ व्होल्टची, बॅटरी पॅक साधारण ४ किलोवॅट-तासांचा, न निघणारा. सेल एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट, लिथियम-आयनचा एक प्रकार). लाइट-हॉर्नसाठी वेगळी १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आहे. गॅरेजला हीटर नाही, पारा उणे १५ पर्यंत उतरतो. तीन-चार महिने गाडी बहुतेक उभीच, पण रस्ता कोरडा असला की एखादी फेरी होणार. कुणी म्हणतं चार्जरला लावूनच ठेवा, कुणी म्हणतं निम्म्यावर सोडा. दोन्ही बरोबर असणं शक्य नाही. नेमकं काय करायचं?

सेल-जोडणारा
उणे १५ मध्ये नुसत्या उभ्या गाडीच्या पॅकला काही होत नाही. उलट थंडीत सेल म्हातारे व्हायचा वेग मंदावतो. घात होतो तो गार पॅकमध्ये करंट ढकलल्यावर.

चार्जिंगमध्ये लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. सेल गोठणबिंदूखाली असला की हे शिरणं फार मंद होतं. करंट मात्र तेवढाच येत राहतो, मग आयन आत न जाता पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात. त्यातलं बरंचसं लिथियम कायमचं बाद होतं, म्हणजे क्षमता गेली ती गेलीच. साचलेल्या धातूचे काटे वाढले तर आतल्या आत शॉर्टचाही धोका. बाहेरून काही दिसत नाही, त्या दिवशी गाडी व्यवस्थित चालते, म्हणून लोक फसतात.

बहुतेक बीएमएस (पॅकवर नजर ठेवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) ० अंशाच्या खाली चार्जिंग अडवतात, पण सगळा भार त्यांच्यावर टाकू नका. सेन्सर दोन-चारच असतात. कडेचा सेल मधल्यापेक्षा गार असतो आणि सेन्सर मधे असेल तर त्याला ते कळत नाही. १० अंशांच्या वर बिनधास्त चार्ज करा. ० ते १० मध्ये करंट कमी ठेवा. तुमचा पॅक ५५ अँपिअर-तासांच्या आसपास भरतो, तेव्हा ५ ते १० अँपिअर पुरे. फास्ट चार्जर या दिवसांत विसरा.

साठवणीसाठी ५० ते ६० टक्के. पॅक २० सेल मालिकेत असेल तर चार्जर काढून दोन तासांनी ७४ व्होल्टच्या आसपास दिसेल. महिन्यातून एकदा बघा, ३० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. सेल स्वतःहून फार उतरत नाहीत, खातो तो बीएमएस आणि गाडीचा जीपीएस ट्रॅकर.

"कायम लावून ठेवा" हा सल्ला काही गाड्यांना लागू पडतो. त्यांचा बीएमएस पॅक स्वतःच ६० टक्क्यांच्या आसपास आणून ठेवतो. ही सोय नसेल तर कायम लावलेला चार्जर पॅक शंभरावर धरून बसतो आणि सेलला तेच नको असतं. मॅन्युअलमध्ये 'स्टोरेज मोड' आहे का ते आधी पाहा. वॉरंटी चालू असेल तर मॅन्युअल म्हणेल तसंच.

दोन-वायरी
वरचं सगळं मान्य, फक्त ते ७४ व्होल्ट डिस्प्लेवर किंवा ॲपवर वाचा. मल्टिमीटरचे प्रोब पॅकच्या कनेक्टरमध्ये खुपसू नका. भरलेला पॅक ८४ व्होल्ट डीसी असतो, आणि प्रोब घसरून दोन पिना जोडल्या गेल्या तर प्रोबचं टोक वितळून जातं.

हिवाळ्यानंतर गाडी उठत नाही तेव्हा दोष बहुधा छोट्या १२ व्होल्टवालीचा निघतो. मुख्य कॉन्टॅक्टर (पॅक गाडीला जोडणारा मोठा विजेचा स्विच) तिच्यावरच ओढला जातो. ती बसली की मुख्य पॅक ६० टक्के भरलेला असूनही गाडी ठार, आणि पुष्कळ गाड्यांत चार्जिंगही सुरू होत नाही.

पूर्ण भरलेली लेड-ॲसिड काही तास विश्रांतीनंतर १२.६ ते १२.८ दाखवते. १२.४ दिसले की चार्ज करा. भरलेली बॅटरी उणे १५ ला गोठत नाही. पण उतरली की आतलं ॲसिड पाण्यासारखं पातळ होतं आणि पूर्ण उतरलेली उणे १० च्या आसपासही गोठते. डबा फुगलेला किंवा तडकलेला दिसला तर चार्जर लावू नका, थेट बदला.

सोपा मार्ग: आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह सोडवा, बॅटरी घरात आणा, महिन्यातून एकदा भरा. जागेवरच ठेवायची तर फ्लोट करणारा मेंटेनर (बॅटरी हलक्या करंटवर भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा. कुणाकडे १२ व्होल्टची लिथियम असेल तर मेंटेनरचा डिसल्फेशन मोड (लेड-ॲसिडच्या प्लेटांवरचा सल्फेटचा थर काढणारा) बंद हवा, त्याचे उंच व्होल्टचे ठोके तिला मारतात.

चेनस्प्रॉकेट
कळलं. मग मधल्या फेरीसाठी चार्ज आदल्या रात्री करू की निघायच्या सकाळी?

सेल-जोडणारा
दोन्ही नको. फेरीवरून आल्या आल्या लावा. चालवल्याने पॅक आतून कोमट झालेला असतो आणि २५-३० किलोचा गठ्ठा लगेच निवत नाही. फेरी मात्र बरी लांब हवी, दोन किलोमीटरने काही तापत नाही. ७० टक्क्यांपर्यंत आणून थांबा, पुढच्या फेरीला तेवढे असू द्या. रेंज पाव ते एक तृतीयांश कमी धरा.

निघाल्यावर पहिले काही किलोमीटर रिजन (वेग कमी करताना मोटरने वीज परत पॅकमध्ये भरणं) जवळजवळ नसेल. रिजन म्हणजेही चार्जिंगच, त्यामुळे गार पॅक दिसला की बीएमएस तेही छाटतो. थ्रॉटल सोडलं की गाडी आपोआप मंदावते ही सवय लागलेल्यांनी वळणाआधी ब्रेकवर बोट ठेवावं, टायरही तेव्हा गारच असतात.

गॅरेजमधला
निघणारा पॅक असलेल्यांसाठी एक भर. उणे १० मधून उबदार खोलीत आणलेल्या पॅकवर दव धरतं, कनेक्टरच्या पिनांवरसुद्धा. आणताना प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आणा म्हणजे दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूला बसेल. रात्रभर तसाच ठेवा, पिना कोरड्या आहेत ना बघा, मग चार्जर. वरून हात लावून ऊबदार वाटला तरी आतला सेल गार असू शकतो.

एक्स्टेंशन वायर गुंडाळीवर असेल तर पूर्ण उलगडा, तासन्‌तास करंट गेला की गुंडाळी आतल्या आत तापते. टायरमध्ये दर साडेपाच अंशांच्या घसरणीला साधारण १ पीएसआय कमी होतो, म्हणून हवा गार टायरवरच मोजा. आणि चार्जिंग पोर्टचं झाकण नीट बसवा, रस्त्यावरच्या मिठाचं पाणी तिथे शिरलं की पिना हिरव्या पडतात.