मदत हवी आहे: हवामानाच्या आकड्यांची एकके प्रोग्रॅममध्ये नेमकी कुठे बदलावीत?

नमस्कार. मी सोलापूरचा असून सांगोल्याकडील नातेवाइकांच्या डाळिंब बागेसाठी पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहीत आहे. कमाल-किमान तापमानावरून हारग्रीव्ह्ज सूत्राने बाष्पपर्णोत्सर्जन (जमीन आणि झाडे मिळून हवेत जाणारे पाणी) काढायचे, त्यातून पाऊस वजा करायचा आणि त्या दिवशी ठिबक किती वेळ चालवावे ते सांगायचे, एवढेच त्याचे काम आहे. सूत्र समजले आहे. अडचण एककांची आहे. बागेतील स्वयंचलित हवामान केंद्र तापमान फॅरनहाइटमध्ये आणि पाऊस इंचांत नोंदवते. ते बंद पडले की मी ईआरए ५ (युरोपीय हवामान केंद्राचा संगणकीय हवामान-माहितीसंच) ची माहिती घेतो, तिथे तापमान केल्विनमध्ये आणि पाऊस चक्क मीटरमध्ये असतो.

एप्रिलमध्ये एका दिवशी कमाल १०४ आणि किमान ७७ अंश फॅरनहाइट, म्हणजे ४० आणि २५ अंश सेल्सियस तापमान होते. मी आधी वजाबाकी करून आलेले २७ रूपांतराच्या फंक्शनला दिले. त्याने नेहमीप्रमाणे ३२ वजा केले आणि १५ ऐवजी उणे २.८ हाती आले. सूत्रात या फरकाचे वर्गमूळ घ्यावे लागत असल्यामुळे प्रोग्रॅम तिथेच अडला आणि चूक सापडली. पावसाची चूक मात्र कुठेच अडली नाही. ०.०१२ मीटर, म्हणजे १२ मिलिमीटर पाऊस झालेला असताना प्रोग्रॅमने तो ०.०१२ मिलिमीटर धरला आणि भिजलेल्या बागेला पुन्हा पाणी सोडायला सांगितले. मर रोगाच्या धास्तीने पाणी जपून देणाऱ्या माणसाला असा सल्ला जाणे मला फार लागले.

त्यानंतर आकड्यासोबत एकक बाळगणारी पिंट लायब्ररी वापरून पाहिली. दोन तापमानांची वजाबाकी केली की ती उत्तराला तापमानाचे नव्हे, तर तापमानातील फरकाचे एकक देते. मला नेमका हाच भेद हवा होता. परंतु सूत्रातील ०.००२३ आणि १७.८ हे स्थिरांक अनुभवजन्य असून तापमान सेल्सियसमध्ये आणि सूर्याचा किरणोत्सर्ग (त्याने होऊ शकणाऱ्या बाष्पीभवनाच्या मापात) मिलिमीटर प्रतिदिन या रूपात आहे असे गृहीत धरूनच ते ठरवलेले आहेत, त्यामुळे सूत्राच्या तोंडाशी एकके उतरवावीच लागतात.

मग फाइल वाचतानाच सर्व काही सेल्सियस व मिलिमीटरमध्ये आणून, स्तंभाला 'पाऊस_मिमी' असे नाव देऊन पुढे साधे आकडे वापरावेत, की सूत्रापर्यंत पिंट ठेवावी? माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे. ज्यांनी तासागणिक नोंदींची अनेक वर्षांची माहिती पिंटमधून चालवली आहे, त्यांना वेगात किती फरक जाणवला, तेही कृपया सांगावे.