मदत हवी: पुण्यात पहिली ते चौथीला शिकवायची नोकरी कशी मिळेल? (लवकर सांगा)

पाटीपेन्सिल:
नमस्कार. मार्चमध्ये पुण्यात आले. डी.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) झालंय, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास आहे. अकरा शाळांत बायोडेटा देऊन झाला. तीन ठिकाणी गेटवरच वॉचमनने घेऊन खुर्चीखाली ठेवला. एका शाळेत पाठ घ्यायला लावला, मुख्याध्यापिका "छान घेतलात" म्हणाल्या, त्याला तीन आठवडे झाले. शाळावाले नुसतं फिरवालेत. सगळ्यांना दोन वर्षांचा अनुभव पाहिजे. पहिली नोकरीच कुणी दिली नाही तर अनुभव आणायचा कुठनं? जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतील. काय करू?

खडूची_धूळ:
माध्यम कुठलं? राहता कुठे? अनुदानित, विनाअनुदानित की महापालिका, कशासाठी प्रयत्न चालू आहेत? एवढं तरी लिहा.

माजी_गुरुजी:
टीईटी आहे तर खासगी शाळांच्या पायऱ्या कशाला झिजवता? जिल्हा परिषद, महापालिका, अनुदानित, सगळी भरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते. लागलात की तीन वर्षं शिक्षणसेवक, मानधन १६ हजार, त्यानंतर पूर्ण वेतनश्रेणी. नोंदणी करा आणि निवांत राहा.

खडूची_धूळ:
गुरुजी, निवांत कसलं? नुसती टीईटी पुरत नाही, वर टेट, म्हणजे भरतीसाठीची वेगळी अभियोग्यता चाचणी लागते. ती २०१७ ला झाली, मग थेट २०२३, मग २०२५. ताईंना जूनमध्ये पगार हवाय.

हडपसरचा_बाबा:
बी.एड. करून टाका. माझ्या वहिनीने तेच केलं, आज इंग्रजी शाळेत तिसरीला शिकवते. मराठी माध्यमात काही उरलेलं नाही.

खडूची_धूळ:
बाबा, ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, प्राथमिकला बी.एड. ही पात्रता नाही. पहिली ते पाचवीसाठी डी.एड.च लागतं. असलेली योग्य पात्रता सोडून दोन वर्षं आणि फीचे पैसे घालवायला सांगताय.

हडपसरचा_बाबा:
कोर्टाचं मला सांगू नका. वहिनी शिकवते की नाही? शिकवते.

पाटीपेन्सिल:
मराठी माध्यम. धायरीत राहते. सासूबाई सोबत असतात, म्हणून फार लांब नको, बसने तासभर ठीक. पवित्रवर बघितलं, तिथं माझ्या टीईटीचा नंबर कुठं घालायचा तेच कळेना.

ओसरी:
थांबा. ताई, 'फिरवालेत', 'कुठनं'... तुम्ही कोल्हापूरकडच्या की बेळगाव? टीईटी महाराष्ट्राची आहे ना?

पाटीपेन्सिल:
खानापूर तालुका. डी.एड. बेळगावात मराठीतनंच केलं. टीईटी कर्नाटकची. का, चालत नाही?

ओसरी:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं असतं हो! पवित्रला महाटीईटी (महाराष्ट्राची टीईटी) किंवा केंद्राची सीटीईटी लागते. डी.एड. एनसीटीई (केंद्राची शिक्षक शिक्षण परिषद) मान्यतेच्या कॉलेजचं असेल तर त्याची काळजी नको. प्राथमिकला पेपर १, दीडशे गुण, खुल्या गटाला ९० लागतात. सीटीईटीत भाषा म्हणून मराठी घेता येते, पण गणित आणि परिसर अभ्यास हिंदी-इंग्रजीतूनच सोडवायचा, तो सराव करा. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. दुसरं म्हणजे तुमचं गाव ८६५ गावांच्या यादीत आहे का? महाराष्ट्राने दावा केलेल्या सीमाभागातल्या मराठी उमेदवारांना सरकारी भरतीत अर्ज करता येतो, १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. गावाकडे कुणी असेल तर आत्ताच काढायला सांगा.

सह्याद्री७२:
सीमाप्रश्न १९५६ पासून भिजत पडलाय आणि आपण दाखले गोळा करत बसलोय. महाजन आयोगाने काय केलं ते लोक विसरले.

खडूची_धूळ:
धागा नोकरीचा आहे. सीमाप्रश्नाला वेगळा काढा.

गृहिणी_आणि_बरंच:
घरी शिकवण्या घ्या! मी चार मुलांपासून सुरू केलं, आज चोवीस आहेत. कुणाचा बायोडेटा नको, कुणाचा डेमो नको.

राजेश_आयटी:
धायरी-नऱ्हे भागात सेमी इंग्रजीची चांगली शाळा कुठली? मुलगा पहिलीत जाईल. घराजवळ हवी.

माजी_गुरुजी:
राजेश, मुलाला मराठी शाळेत घाला. नाहीतर ताईंना नोकरी कोण देणार?

मधली_सुट्टी:
मी सात वर्षं विनाअनुदानित शाळेत आहे, घडतं कसं ते सांगते. मार्च-एप्रिलमध्ये मुलाखती होतात. मे महिन्यात निवड झालेल्यांपैकी कुणीतरी दुसरीकडे जास्त पगार बघतं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात जागा मोकळी पडते. तेव्हा कपाटातले जुने बायोडेटा कुणी उघडत नाही, समोर जो उभा असेल त्याला घेतात. म्हणून त्या आठवड्यात रोज सकाळी साडेदहाला दोन शाळा करा आणि वॉचमनकडे काही देऊ नका, थेट मुख्याध्यापकांना भेटा. 'बाळंतपणाच्या रजेवर कुणी जाणार आहे का' हेही विचारा. मला पहिली नोकरी तशीच लागली, सहा महिन्यांसाठी म्हणून गेले ती तिथेच राहिले.
आणि मूळ प्रमाणपत्रं कुठेही जमा करू नका, दाखवून परत घ्या. माझ्या आधीच्या शाळेने दोन वर्षं दाबून ठेवली होती. पगाराची सही वीस हजारांवर, हातात बारा.

हडपसरचा_बाबा:
बारा हजारात पुण्यात राहणार कसं? त्यापेक्षा शिकवण्या बऱ्या, गृहिणीताई बरोबर बोलतात.

ओसरी:
पाटीपेन्सिलताई, बेळगावकडे कधी शिकवलंय का? थोडंसं तरी?

पाटीपेन्सिल:
हो, एक वर्ष सरकारी मराठी शाळेत अतिथी शिक्षक होते, दुसरीला. ते कायम नाही म्हणून लिहिलं नाही.

मधली_सुट्टी:
अहो!! तो अनुभवच आहे. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडून तारखा आणि वर्ग घातलेलं पत्र शाळेच्या लेटरहेडवर मागवा. बायोडेटाच्या पहिल्या ओळीत टाका.

पाटीपेन्सिल:
सरांना फोन केला, पत्र देतो म्हणाले. आणि आज सकाळी कात्रजच्या एका शाळेचा फोन आला, परवा डेमो. दुसरी, दोन अंकी संख्या, वीस मिनिटं. आता नवीन अडचण. आमच्याकडे त्रेपन्न म्हणून शिकवायचे. इथं "पन्नास तीन" म्हणायचं असतं का?

माजी_गुरुजी:
२०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ते आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! पन्नास तीन म्हणे. आमच्या पिढीने त्रेपन्न, चौपन्न घोकूनच पाढे केले. मराठीची वाट लावलीय.

खडूची_धूळ:
गुरुजी, सात वर्षांच्या पोराला विचारा. त्रेपन्न ऐकून ३५ लिहिणारी डझनभर पोरं दरवर्षी माझ्या वर्गात असतात. तीन आधी ऐकू येतात, म्हणून तीन आधी लिहितात. दोन्ही नावं सांगितली तर बिघडलं कुठे?

ओसरी:
ताई, शाळेला आजच फोन करून विचारा की वर्गात कुठलं पुस्तक चालू आहे. बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळते, ते पान बघून जा. फळ्यावर ५३ लिहा आणि मुलांना आधी बोलू द्या, ती जे म्हणतील तिथून पुढे न्या. आगपेटीच्या काड्या घेऊन जा, दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून घरीच बांधा. गठ्ठे तिथे बांधत बसलात तर वीसपैकी सात मिनिटं त्यातच जातील.

पाटीपेन्सिल:
काड्यांची गुलं आधी काढते, नाहीतर पहिल्या बाकावरचा एखादा पेटवून दाखवेल. काय झालं ते परवा लिहिते.

राजेश_आयटी:
शाळेचं कुणी सांगितलं नाही अजून.