२५ हजारांत इलेक्ट्रिक गिटार: दुकानातला सेट घ्यावा की सुटं सुटं?

ऐरोलीचा_नवशिक्या:
नमस्कार मंडळी. अकूस्टिक बऱ्यापैकी वाजवतो, आता इलेक्ट्रिक घ्यायचीय. सगळं मिळून २५ हजार, वर एक रुपया नाही, कारण जूनमध्ये धाकट्या बहिणीची फी आहे. ठाण्यातल्या एका दुकानात गेलो, तर त्यांनी गिटार, १० वॉटचा अ‍ॅम्प, डिस्टॉर्शन पेडल (आवाज खरखरीत करणारी, पायाने दाबायची डबी), केबल, बॅग असा अख्खा सेट पुढ्यात मांडला. गिटारवरचं नाव मात्र कधी ऐकलेलं नाही. मला जुनी हिंदी गाणी क्लीन आवाजात आणि थोडं रॉक, दोन्ही वाजवायचंय. डिस्टॉर्शन, डिले (प्रतिध्वनी) आणि कोरस (आवाज भरीव करणारं) अशी तीन पेडलंही लिहून ठेवलीत. घर वन बीएचके, आजी नऊला झोपते आणि वरच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी. काय करू?

खोपटचा_सोल्डरवाला:
सेट घेऊ नकोस. त्यात वस्तू भरपूर दिसाव्यात म्हणून गिटारवरच काटकसर केलेली असते. आणि आजी नऊला झोपणार असेल तर तो अ‍ॅम्प कपाटावरच राहणार.

पैशाचा मोठा वाटा गिटारला दे. यामाहा पॅसिफिका ०१२, कोर्ट, स्क्वायर, आयबानेझची जिओ मालिका, यातली जी हातात बसेल ती. तुझी फर्माईश बघता मी पॅसिफिका म्हणेन, कारण तिला ब्रिजपाशी (तारा बॉडीवर टेकतात तिथे) हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल, असे तारेचा आवाज पकडणारे पिकअप आहेत. सिंगल कॉइलचा क्लीन आवाज गोड, पण ती घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची घूंऽऽ पण इमानदारीने पकडते. डिस्टॉर्शन लावलं की तीच घूं दसपट होऊन डोक्यात जाते. हंबकरमध्ये दोन कॉइल अशा उलटसुलट जोडतात की घूं कटते आणि तारेचा आवाज राहतो. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ साली केलेली करामत आहे ही, अजून तिच्यावरच दुनिया चाललीय.

दुकानात वायर लावायच्या आधी गिटार नुसती हातात घे. जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबून धर, दुसऱ्या हाताने तीच तार मान जिथे बॉडीला मिळते तिथे दाब, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट बघ. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर उत्तम. बोट जाईल एवढी फट असेल किंवा तार फ्रेटला टेकलेलीच असेल, तर मान ट्रस रॉडने (मानेच्या आतली, घट्ट-सैल करता येणारी सळई) सरळ करून दे म्हणावं, मगच पैसे. मग मानेच्या कडेने तळहात फिरव, फ्रेटची टोकं ओरखडतात का बघ. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळतात का बघ. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

पेडल आत्ता एकही नको. नुसतं डिस्टॉर्शन पेडल थेट हेडफोनला जोडलंस तर डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखं वाजतं. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही देतच नाही, म्हणून तिथे तेच पेडल कानाला बरं लागतं. तो स्पीकर नसेल तर त्याची नक्कल करणारं काहीतरी हवं. त्यासाठी सेकंड हँड मल्टी-इफेक्ट (एकाच डब्यात अनेक पेडलं) बघ, झूम जी१ फोर वगैरे. तुझी तिन्ही पेडलं त्यात आहेत, वर ट्यूनर, ड्रमचे ताल, हेडफोनचं भोक. चार पेन्सिल सेलवर चालतो. गिटारसारखा मान वाकायचा प्रश्न नाही, त्यामुळे असला डबा जुना घ्यायला हरकत नसते.

वाशीची_तनया:
गिटारबद्दल सोल्डरवाले काकांशी सहमत, डब्याबद्दल नाही. घरात बरा लॅपटॉप असेल तर बेहरिंगरचा यूएम२ सारखा साधा ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडायची डबी) घे. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर (अ‍ॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे आणि आवाजात त्या डब्याला कुठल्या कुठे मागे टाकतो. विंडोजवर फक्त आसिओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) टाकून बफर (एका खेपेला साठवायचे आवाजाचे नमुने) १२८ वर ठेव, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला त्या बफरपायी जेमतेम ३ मिलिसेकंद उशीर. रेकॉर्डिंगची सोय झाली ते वेगळंच.

खोपटचा_सोल्डरवाला:
तनया, आवाजाचं मान्य. पण ऑफिसातून आल्यावर पुन्हा लॅपटॉप उघडायचा, त्यात अपडेट सुरू, मेल आलेली... रियाज राहतो बाजूला. डबा सुरू केला की वाजवायला लागायचं.

घोडबंदर_ब्लूज:
दोघांचं चालू दे. एकच सांगतो, पावसाळ्यात वाजवून झालं की तारा सुती फडक्याने पुसायच्या आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. आमच्याकडे खाडीच्या हवेत नव्या तारा बघता बघता काळ्या पडतात. आणि तारांचा पहिला सेट ९-४२ चाच (बारीक तारांचा) लाव, बोटं दुवा देतील.

ऐरोलीचा_नवशिक्या:
सगळ्यांचे आभार! लॅपटॉप ऑफिसचा आहे, काही टाकू देत नाहीत, त्यामुळे डबाच. काल त्याच दुकानात कार्डाची परीक्षा घेतली. सेटमधल्या गिटारीत कार्ड नाही, आधार कार्ड पाकिटासकट गेलं असतं. पॅसिफिका ठीक निघाली. नेरूळला एक जण झूम विकतोय, पण मूळ अ‍ॅडॉप्टर हरवलाय म्हणतो. माझ्याकडे जुन्या राउटरचा ९ व्होल्टचा आहे, तो चालेल?

खोपटचा_सोल्डरवाला:
लावू नकोस!! पेडलांना ९ व्होल्ट लागतो, पण पिनच्या आतल्या बाजूला निगेटिव्ह. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरला बहुतेक वेळा आत पॉझिटिव्ह असतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी बरीचशी पेडलं याच कारणाने आलेली असतात. अ‍ॅडॉप्टरवर गोलाचं चित्र असतं, त्यात मधला ठिपका वजाच्या खुणेला जोडलेला हवा, आणि मिलिअँपिअर डब्याच्या मागे लिहिलेत तेवढे किंवा जास्त. नेरूळला जाताना नवे सेल आणि स्वतःचे हेडफोन ने. गिटारची केबल लावून जॅक हलव, प्रत्येक बटण पायाने दाबून बघ, हाताने नाही. आवाज तुटला तर पाचशे कमी कर म्हण, जॅक मी बदलून देतो.